चित्रांची पोथी आणि पडद्यावरचा वीर



कामगार संघटनेत उमेद घालवलेल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेचे निमंत्रण आले, की तो किमान वेतनावर नाहीतर कंत्राटी पद्धतीवर बोलणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो. या वेळी चिटणिसांनी विषयाची मोकळीक दिली. तिचा फायदा घेऊन आम्ही एक वेगळाच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहोत. चित्रांतून सांगितलेली, गुंतागुंतीची वीरकथा चित्रपटात आणायची म्हटली म्हणजे ती इतकी का अडते, हा तो प्रश्न. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे बरेच झाले. तेव्हा विद्वानांची परिभाषा आमच्याकडून अपेक्षू नये.

वरवर पाहता हा प्रश्न पडायलाच नको. चित्रकथेत चित्रे तयार आहेत, संवाद तयार आहेत, कोण कुठे उभा आहे तेही ठरलेले आहे. तशीच माणसे तशाच कपड्यांत कॅमेऱ्यापुढे उभी करावीत, झाला चित्रपट! कादंबरीवरून चित्रपट करणाऱ्याला सारे मनाने रचावे लागते, याला तर नकाशाच हातात मिळालेला असतो. असे असूनही अनुभव उलटा आहे. कादंबरीतल्या नायकाचे नाक कसे आहे हे कोणी पाहिलेले नसते. चित्रकथेतल्या नायकाचे नाक लाखो वाचकांनी पाहिलेले असते आणि प्रत्येकाला ते आपल्या घरच्यासारखे माहीत असते. पण नाकाचे भांडण किरकोळ आहे. खरे भांडण वेळेचे आहे.

काजूच्या कारखान्यात काजू सोलणाऱ्या बायकांना मजुरी किलोवर मिळते. बाई हात आवरून दोन मिनिटे शेजारणीशी बोलली तर नुकसान तिचे, पण हात आवरायचा की नाही हे ती ठरवते. गिरणीत साचा चालू असतो तोवर माणसाला त्याच्या चालीने चालावे लागते, आणि भोंगा झाल्यावाचून सुटका नाही. चित्रकथा वाचणे हे पहिल्या जातीचे काम आहे. वाचक एका चित्रावर पाच मिनिटे थांबेल, चार पाने मागे जाईल, शेवट आधी पाहून घेईल. पुस्तकाला भोंगा नसतो. चित्रपट मात्र सेकंदाला चोवीस चित्रे या ठरलेल्या वेगाने पुढे जातो आणि पाहणाऱ्याला तो अडवता येत नाही. एकाच गोष्टीचे घड्याळ वाचकाच्या हातून काढून दिग्दर्शकाच्या हाती द्यायचे, असा हा व्यवहार आहे. तो कसा झाला आणि त्यात काय बुडाले, हे आपण थोडे तपशिलाने पाहू.

त्यासाठी अमेरिकेला जाण्याआधी कुडाळला जाऊ. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला आले आणि कुडाळची वाट धरली, की कुडाळजवळ पिंगुळी लागते. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी नावाची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. सावंतवाडीच्या संस्थानिकांचा तिला आश्रय होता. कागदावर रंगवलेल्या चित्रांचा एक संच म्हणजे एक पोथी. तिच्यात साधारण तीस ते पन्नास चित्रे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटले की गोष्ट पुढे सरकते. देवळात कथेकरी बसतो, पान उभे करतो, साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. आणि रामायण-महाभारतातले आख्यान तो गात, बोलत, मध्येच थट्टा करत सांगतो. चित्रातली माणसे बहुधा एका बाजूने दिसणारी, डोळे मोठे, अंगावर दागिने भरपूर. राम कोणता आणि रावण कोणता हे लहान पोरालाही विचारावे लागत नाही. मुखवटा आणि आखूड झगा घातलेला अमेरिकन वीर ज्या युक्तीने ओळखता येतो, तीच ही युक्ती आहे: चेहरा गौण, वेष प्रमुख.

आता येथे घड्याळ कोणाच्या हातात आहे? कथेकऱ्याच्या. पण तो श्रोत्यांसमोर बसलेला आहे. श्रोते डुलू लागले तर तो पान लवकर उलटेल. सीतेच्या प्रसंगाला एखादी म्हातारी डोळ्याला पदर लावते आहे असे दिसले, तर तेच पान आणखी घटकाभर उभे राहील. चित्र जागचे हलत नाही, हालचाल सारी त्याच्या आवाजात आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात. पुस्तक वाचणारा एकटा घड्याळ चालवतो, चित्रपट पाहणाऱ्याला ते शिवताही येत नाही, आणि पिंगुळीला ते दोघांच्या वाटाघाटीने चालते. (वाटाघाट हा शब्द आमच्या तोंडी वारंवार येतो, त्याला इलाज नाही.)

आणखी एक मौज अशी, की याच समाजाने त्याच कथा आणखी दोन तऱ्हांनी सांगितल्या आहेत. एक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणि दुसरा चामड्याच्या बाहुल्यांचा, म्हणजे पांढऱ्या कापडामागे दिवा ठेवून सावल्या पाडण्याचा. पडदा, उजेड आणि हलणारी आकृती: सिनेमाचे सारे सामान पिंगुळीच्या अंगणात सिनेमाच्या आधीपासून होते. चित्रातून बाहुलीत येताना काय बदलते, हे ज्याला पाहायचे असेल त्याने हे तीन खेळ शेजारी ठेवून पाहावेत. चित्रात हनुमानाला शेपटी एकदा काढून भागते. बाहुलीला ती हलवावी लागते. मग शेपटीच विनोदाचा विषय होते आणि प्रसंगात हशा शिरतो. सावलीच्या खेळात बाहुली दिव्याजवळ नेली की सावली मोठी होते, म्हणजे राक्षस डोळ्यांदेखत वाढवता येतो. चित्रात त्यासाठी दुसरे पान रंगवावे लागते. प्रत्येक साधनाला एखादी गोष्ट फुकट मिळते आणि एखादी फार महाग पडते. कारागिराला हे ठाऊक असते. भांडवल घालणाऱ्याला पुष्कळदा नसते.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनी ही कला टिकवण्यासाठी आपल्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. मणी कौल यांनी 1977 सालीच ‘चित्रकथी’ नावाचा माहितीपट केला होता. पोथीतले स्थिर चित्र चालत्या फिल्मवर घेताना कॅमेऱ्याने काय करावे, हा पेच कोणाही दिग्दर्शकाला पडतो. कॅमेरा स्थिर ठेवला तर प्रेक्षक म्हणतो की काही घडत नाही. तो चित्रावरून फिरवला, तर चित्रकाराने एकदम दाखवलेली गोष्ट तुकड्यातुकड्यांनी दिसू लागते. राम आधी, बाण मग, रावण शेवटी. चित्रकाराने तिघांना एका नजरेत दिले होते.

आपल्याकडच्या चित्रपटाचा जन्मही एका परीने चित्रांतूनच झाला. दादासाहेब फाळके लोणावळ्याला राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंधित होते. ज्या देवादिकांची शिळाछाप चित्रे घराघरांतल्या भिंतींवर लागली, त्या छपाईची कला त्यांच्या हातात होती. 1913 साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि 1917 साली ‘लंकादहन’. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हे साळुंके आधी एका उपाहारगृहात आचारी होते. एकच माणूस राम आणि सीताही, हे प्रेक्षकाने मानून घेतले. का मानले? कारण तो चेहरा पाहत नव्हता. भिंतीवरच्या तसबिरीत पाहिलेला मुकुट, धनुष्य आणि पदर पाहत होता. मूकपटाच्या त्या दिवसांत पडद्यावरच्या पाट्या वाचून दाखवणारा माणूसही पुष्कळ थिएटरांत असे. म्हणजे पिंगुळीचा कथेकरी अजून पुरता हाकलला गेला नव्हता. त्याला फक्त अंधारात उभे केले होते. बोलपट आला आणि त्याची नोकरी गेली.

आमच्या लहानपणी वीरकथा आली ती ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. टाइम्स ऑफ इंडियाच्या मंडळींनी 1964 साली ही मालिका इंग्रजीत सुरू केली, पुढे ती मराठीतही आली आणि 1990 साली बंद पडली. ली फॉक यांनी 1936 साली निर्माण केलेला ‘फँटम’ तिच्यात ‘वेताळ’ झाला. नाव ठेवणाऱ्याला आरवलीचा वेतोबा ठाऊक होता की नाही कोण जाणे. पण आम्हा कोकणातल्या पोरांचे काम सोपे झाले. वेंगुर्ले तालुक्यातला आमचा वेतोबा रात्री गावाची राखण करीत हिंडतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला भल्या थोरल्या चपलांचा नवस फेडतात. हा इंद्रजालातला वेताळ जंगलाची राखण करतो, घोड्यावर बसतो म्हणून त्याला चपला लागत नाहीत, एवढाच काय तो फरक! इंद्रजालवाल्यांनी मूळ कथेतल्या ‘बेंगाला’ या देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ केले होते. वाचकाच्या पोटात दुखू नये म्हणून केलेला हा बदल कथेला कुठेच बोचला नाही.

याच वेताळावर 1996 साली अमेरिकेत मोठा चित्रपट निघाला, बिली झेन नायक. तो चालला नाही. चित्रातल्या वेताळाच्या मुखवट्यामागे डोळ्यांच्या जागी नुसती पांढरी फट असते, बुबुळे नाहीत. त्यामुळे तो माणूस आहे की चारशे वर्षे जगणारे भूत, ही शंका वाचकाच्या मनात राहते आणि त्या शंकेवरच सारी कथा उभी आहे. नटाला डोळे असतात. ते दिसले की शंका संपली आणि जांभळ्या घट्ट कपड्यांतला एक देखणा गृहस्थ उरला. चित्रकाराने दोन रेघा न काढून जे साधले ते लाखो डॉलर खर्चून साधले नाही.

हेच ‘फास्टर फेणे’लाही थोडेबहुत लागू आहे, जरी भा. रा. भागवतांच्या त्या गोष्टी मुख्यतः शब्दांतल्या आहेत. फुरसुंगीच्या या पोराचा तो प्रसिद्ध ‘ट्टॉक्’ प्रत्येक वाचकाने आपापल्या जिभेने काढलेला असतो. 2017 सालच्या चित्रपटात अमेय वाघ यांचा एकच ‘ट्टॉक्’ सर्वांना ऐकावा लागला. चित्रपट करणाऱ्यांनी शहाणपणा असा केला, की पोराला मोठा करून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या घोटाळ्यात सोडले आणि खुद्द भागवतांनाच एक पात्र करून दिलीप प्रभावळकरांकडे सोपवले. जुने जसेच्या तसे उभे करण्याचा अट्टाहास सोडला, म्हणून तो चित्रपट पाहवतो, असे आमचे मत आहे.

आता ज्या ग्रंथामुळे हा विषय आमच्या डोक्यात शिरला, त्याकडे येऊ. ‘वॉचमेन’ हे त्याचे नाव. लेखक अ‍ॅलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, रंग जॉन हिगिन्स यांचे, तिघेही इंग्लंडचे. अमेरिकेच्या डीसी कॉमिक्सने 1986 आणि 1987 या वर्षांत तो बारा अंकांत काढला, मग एकत्र ग्रंथ झाला. तीनशेहून अधिक पाने आहेत. वॉचमेन म्हणजे पहारेकरी. अमेरिकेत मुखवटे घालून गुंडांना बडवणारी माणसे खरोखरच असती तर काय झाले असते, असा प्रश्न मूर यांनी घेतला आणि त्याचे उत्तर मोठे अप्रिय दिले. ही माणसे एकलकोंडी, विक्षिप्त, काही क्रूर; एकजण सरकारचा भाडोत्री मारेकरी. त्यांच्यापैकी खरी दैवी शक्ती एकालाच आहे, त्याचे नाव डॉक्टर मॅनहॅटन. त्याच्या जोरावर अमेरिका व्हिएतनामचे युद्ध जिंकते आणि निक्सन 1985 सालीही अध्यक्ष असतात. आमच्या धंद्याच्या माणसाला एक तपशील विशेष आवडेल. मुखवटेवाले आपले काम काढून घेतात म्हणून 1977 साली पोलीस संपावर जातात, शहरांत दंगली होतात आणि सरकारला कायदा करून मुखवट्यांवर बंदी घालावी लागते. वीरकथांच्या राज्यात औद्योगिक तंट्याने कायदा झालेला आम्ही दुसरीकडे वाचला नाही. चित्रपटात दंगल भरपूर दिसते, संपाची गोष्ट ओझरती येते.

या ग्रंथाची बांधणी समजून घेतली पाहिजे, कारण चित्रपटाची अडचण तिच्यातच आहे. बहुतेक पाने नऊ सारख्या चौकटींची, तीन आडव्या ओळी, प्रत्येकीत तीन. जुन्या वाड्याच्या खिडकीच्या गजांसारखी. हा ठेका पानोपान चालू राहतो, म्हणून जेथे चौकट एकदम मोठी होते तेथे काळजात धस्स होते. पाचव्या अंकाची पाने अशी रचली आहेत, की पहिले पान शेवटच्याचे आरशातले प्रतिबिंब, दुसरे शेवटून दुसऱ्याचे, आणि बरोबर मध्ये घडी. हे वाचकाला दिसते ते मागे-पुढे उलटल्यावर. चित्रपटाच्या मधोमध बसून कोणी शेवटचे रीळ उलटून पाहू शकत नाही. तेव्हा ही सारी मेहनत पडद्यावर आणली तरी तिची कोणाला खबर लागणार नाही.

चौथा अंक डॉक्टर मॅनहॅटनचा. त्याला भूत, वर्तमान आणि भविष्य एकाच वेळी दिसतात. मंगळावर बसून तो आपले आयुष्य सांगतो. 1959 सालचा अपघात, हातातले छायाचित्र, ते वाळूत पडणे, सारे एकदमच चालले आहे असे सांगतो. वाचकाला हे पटते, कारण त्याच्यापुढे पान उघडे आहे आणि नऊही चौकटी त्याला एका नजरेत दिसत आहेत! वाचकाची जागा आणि त्या अर्ध्या देवाची जागा एकच आहे. चित्रपटाला हे एकामागून एकच दाखवता येते. प्रेक्षक त्याला ‘पूर्वीची आठवण’ म्हणून मोकळा होतो, आणि नेमके तेच मूर यांना नको होते.

त्याशिवाय प्रत्येक अंकाच्या शेवटी, शेवटचा अंक सोडून, कागदपत्रे जोडली आहेत: कुणाचे आत्मचरित्र, कुणाचा पोलिसी-वैद्यकीय अहवाल, कुणाची मुलाखत. संपाच्या चौकशीत फायली जशा वाचाव्या लागतात तशी ती वाचायची. आणि एका चौकात वर्तमानपत्रांचा एक खोका आहे. विक्रेता म्हातारा बडबड्या. त्याच्या शेजारी जमिनीवर बसून एक पोरगा चाचे-लुटारूंची चित्रकथा फुकट वाचतो आहे. त्या चित्रकथेतला मजकूर आणि चौकातले बोलणे एकाच चौकटीत एकमेकांवर पडतात आणि दोन्हींचा अर्थ बदलतो. या चौकात टॅक्सीवाली येते, मानसोपचाराचा डॉक्टर येतो, पोलीस येतात. वीर कोणी नाही. बारा अंकांत आपली त्यांच्याशी ओळख होते, आणि शेवटी न्यूयॉर्कवर जो संहार कोसळतो त्यात ती सारी मरतात.

टेरी गिलियम यांच्यासारख्या कल्पक दिग्दर्शकाने हा ग्रंथ हाती घेतला आणि दोन-अडीच तासांत तो मावत नाही म्हणून सोडला; पाच तासांची मालिका केली तरच जमेल असे त्यांचे मत पडले. पुढे झॅक स्नायडर यांनी 2009 साली चित्रपट पुरा केला. चित्रपटगृहात दाखवलेली प्रत 162 मिनिटांची. हिशेब केला तर सव्वादोन लाखांहून अधिक चित्रे होतात. एवढी चित्रे खर्चून ग्रंथातल्या दोन-अडीच हजार चौकटी मावल्या नाहीत, हे कोडे आम्हाला बरेच दिवस पडले होते. उत्तर असे दिसते, की चौकट आणि चौकट यांच्यामधल्या पांढऱ्या पट्टीत पुष्कळ काम वाचकाकडून फुकटात करून घेतलेले असते. एका चौकटीत हात उगारलेला, दुसरीत माणूस खाली पडलेला. ठोसा वाचकाने मारला. चित्रपटाला तो ठोसा नटाकडून मारून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि पैसा लागतो.

स्नायडर यांच्यावर आळस केल्याचा आरोप करता येणार नाही. त्यांनी कित्येक चित्रे रेघेबरहुकूम उभी केली. एका पात्राच्या मुखवट्यावर शाईचे डाग असतात. ग्रंथात ते चौकटीगणिक बदललेले दिसतात, पडद्यावर ते आपल्यादेखत वाहतात आणि जुळतात. ही त्या माध्यमाची फुकटची कमाई, आणि ती त्यांनी छान वापरली. सुरुवातीची नामावली तर उत्कृष्ट आहे. ग्रंथात कागदपत्रांतून चाळीस-पन्नास वर्षांचा जो इतिहास येतो, तो त्यांनी एका गाण्याच्या साथीने, जवळजवळ थबकलेल्या चित्रांतून, पाच-सहा मिनिटांत सांगितला. तेथे त्यांनी ग्रंथाची नक्कल सोडली आणि कथेकऱ्यासारखे पान उभे करून धरले.

पण मारामाऱ्या आल्या की त्यांचा हात सैल सुटतो. ग्रंथात मारामारी आखूड, ओशाळवाणी आणि वेदनेची आहे. पडद्यावर ती मंद गतीने, चवीने दाखवली आहे. हाड मोडले तरी प्रेक्षकाला टाळी द्यावीशी वाटते. मुखवटेवाल्यांची कीव यावी म्हणून लिहिलेला प्रसंग त्यांच्या जाहिरातीसारखा दिसू लागतो. चौकटी बरोबर आल्या, घड्याळ चुकले.

आणि कात्री कोठे चालली? चौकातल्या खोक्यावर. म्हातारा विक्रेता आणि पोरगा चित्रपटगृहातल्या प्रतीत जवळजवळ दिसेनासे झाले. चाच्यांची कथा वेगळी काढून तिचे स्वतंत्र व्यंगपट केले आणि निराळे विकले; पुढे 215 मिनिटांच्या प्रतीत ती परत बसवली, पण ती प्रत घरी बसून पाहणाऱ्या हौशी लोकांसाठी. ग्रंथातल्या संहाराला एक अजस्र, माखलीसारखा प्राणी कारण होतो. चित्रपटात त्याऐवजी अनेक शहरांत स्फोट होतात आणि आळ डॉक्टर मॅनहॅटनवर येतो. या बदलावर लोक अजून भांडतात. आमच्या मते प्राणी असो की स्फोट, त्यात फारसे काही नाही. ग्रंथात मेलेल्यांची नावे आपल्याला माहीत आहेत, चित्रपटात ती लाखोंच्या आकड्यात गेली, हे खरे नुकसान. वेळ कमी पडला की आधी साधी माणसे कापायची, ही रीत कारखान्यात आहे तशी पडद्यावरही आहे. 2019 साली एचबीओने त्याच नावाची नऊ भागांची मालिका केली. तिने ग्रंथाची नक्कल न करता पुढची कथा रचली आणि सुरुवात 1921 साली टल्सा गावी झालेल्या काळ्या लोकांच्या कत्तलीपासून केली. साधी माणसे तेथे परत आली, आणि तो प्राणीही.

कात्री कोणी चालवावी हे कशावर ठरते, तर करारावर. मूर आणि गिबन्स यांच्या करारात अशी अट होती, की ग्रंथ ठरावीक मुदत छापणे बंद झाला तर हक्क त्यांच्याकडे परत येतील. चित्रकथा तेव्हा काही महिन्यांत बाजारातून जात असे, त्यामुळे अट न्यायाची वाटली. ग्रंथ इतका खपला की त्याची छपाई कधी थांबलीच नाही, आणि हक्क परत आले नाहीत. यशाचीच शिक्षा झाली. मूर यांनी चित्रपटावर आपले नाव घालू दिले नाही आणि आपला पैसा गिबन्सना द्यायला सांगितला. मोठमोठ्या कंपन्या मात्र चित्रपटाच्या मालकीवरून कोर्टात गेल्या आणि 2009 सालच्या जानेवारीत त्यांची तडजोड झाली. त्याआधीचे उदाहरण आणखी कडू आहे. ‘सुपरमॅन’चे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938 साली 130 डॉलरला हक्क लिहून दिले. म्हातारपणी दोघे हलाखीत होते. सहव्यवसायी चित्रकारांनी आवाज उठवला, तेव्हा 1975 साली कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलर आणि निर्माते म्हणून नाव देणे मान्य केले. मोठा चित्रपट डोक्यावर आला होता. बोनसच्या मागणीला हंगामाची वेळ साधावी लागते, तसेच हे.

पिंगुळीच्या जुन्या पानांवर चित्रकाराचे नाव नसते. आपल्याकडच्या विषयांवर आता चांगले चित्रपट निघू लागले आहेत; 2025 साली आलेल्या ‘दशावतार’मध्ये प्रभावळकरांनी म्हातारा दशावतारी कलावंत उभा केला आणि तो महाराष्ट्रभर पाहिला गेला. उद्या कोणी चित्रकथीच्या पोथीवरून मोठा वीरपट काढायला येणार, हे धरून चालावे. त्या वेळी ठाकर मंडळींनी करार वाचल्यावाचून अंगठा किंवा सही देऊ नये. पैसा एकरकमी घेऊन मोकळे होऊ नये, प्रत्येक प्रदर्शनामागे हिस्सा मागावा. हक्क ठरलेल्या वर्षांनी परत येतील असे लिहून घ्यावे. छपाई किंवा प्रदर्शन ‘बंद झाल्यावर’ हे शब्द दिसले तर तेथेच थांबावे. नामावलीत चित्रकाराचे आणि कथेकऱ्याचे नाव कोणत्या आकाराच्या अक्षरांत येईल तेही ठरवावे. आणि एक कलम पैशाचे नसले तरी घालावे: चित्रीकरणात पान उलटणारा हात चौकटीबाहेर ठेवायचा झाल्यास कथेकऱ्याची लेखी संमती लागेल.